नवापूरच्या जमनाचं भाताचं पिंप

समुद्रकाठच्या नवापुरात सुक्या मासळीचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून जमनापाशी येऊन थांबायचं. तिच्या बोंबलाला कधी कीड लागली नाही, तिची वाकटी पावसाळा संपत आला तरी मऊ पडली नाही, आणि तिच्या सुकटीत वाळूचा कण कुणी दाखवला असता तर जमनाने ती सुकट त्याला फुकट दिली असती. वर चार शब्दही ऐकवले असते. शब्दांची चणचण तिला कधीच नव्हती.

मांगेला कोळ्यांच्या वाड्यातल्या बाया तिच्याकडे मीठ विचारायला यायच्या. मागायला नव्हे, विचारायला. कुठल्या मासळीला किती मीठ, कुठलं, जाडं की बारीक, ते लावून मासा किती वेळ ठेवायचा आणि कधी उन्हात काढायचा. जमना हातातलं काम न सोडता सांगायची. "मीठ माशातला पानी वढून घेतो. पानी गेला का मासा राहतो, पानी राहिला का मासा जातो. यवढीच गोठ हाय." एवढीच गोष्ट असती तर सगळ्यांचीच मासळी टिकली असती, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. जमनापुढे बोलून दाखवण्याची गावात रीत नव्हती.

तिचा नवरा पुंडलिक शांत माणूस. त्याची लहानशी होडी होती, मुलगा कमलाकांत त्याच्याबरोबर समुद्रावर जायचा. बायकोशी वाद घालण्यापेक्षा उधाणातून होडी काढणं सोपं, असं तो म्हणायचा, तेही होडीवर असतानाच. घरात जमना म्हणेल ती पूर्व. सून पुष्पलता लग्न होऊन आली, तिनेही आठवडाभरात वाऱ्याचा रोख ओळखला आणि मान खाली घालून कामाला लागली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडून काही यायचं नाही. तेवढे दिवस घरात खायला लागायचं ते भात, आणि ते भात यायचं डोंगराकडून. बोईसरच्या रेल्वेफाटकापलीकडे, शेतं संपून जंगल सुरू होतं तिथे करंजपाडा म्हणून वारल्यांचा पाडा आहे. जमनाची सासू सुकी मासळी पाटीत घालून त्या पाड्यावर जायची आणि पाटीभर भात घेऊन यायची. तिच्यामागे जमना जाऊ लागली. दोन फेऱ्या ठरलेल्या. एक भात झोडून झाल्यावर थंडीत, दुसरी पावसाआधी वैशाखात. डोंगरातल्या माणसांनाही मासळीची तितकीच गरज. पावसात नागलीच्या भाकरीबरोबर खायला त्यांच्याकडे दुसरं असतंच काय? म्हणून वैशाखातल्या फेरीसाठी ते थोडं भात वेगळं राखून ठेवायचे.

ह्या देवघेवीत प्रत्येकीची एक ठरलेली मैत्रीण असायची. दुसरीच्या मैत्रिणीच्या दारात मासळी उतरवायची नाही, असा न सांगता पाळायचा नियम होता. जमनाची मैत्रीण मंगळी. दोघींची लग्नं एकाच सुमाराची, बाळंतपणंही मागेपुढे झालेली. जमना दिवसभर बोलायची आणि मंगळी दिवसभर ऐकायची, त्यामुळे दोघींचं फार छान जमायचं.

तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. रस्त्याला ट्रक लागले होते, बोईसरात नवनवी माणसं दिसत होती, आणि तांदूळ मात्र बाजारातून दिसेनासा झाला होता. रेशनच्या दुकानात मिळे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, तीही थोडकी. ज्याच्या घरात भात त्याचं घर सुखी, असे ते दिवस होते.

आदल्या वर्षी जमनाच्या घरातल्या भाताला सोंडे लागले होते. पावसाच्या ऐन मध्यात मडक्यातून भातापेक्षा किडेच जास्त निघाले. जमनाला ते भलतंच लागलं. जिच्या बोंबलाला कीड शिवत नाही तिच्या भाताला सोंडे! शेजारणी काही म्हणाल्या नाहीत, पण काही न म्हणतानाही माणसं किती बोलतात ते तिला ठाऊक होतं. तिने तेव्हाच मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी एक दाणा किड्याला मिळणार नाही.

म्हणून या वर्षी तिने बोईसरच्या भंगारवाल्याकडून एक लोखंडी पिंप आणलं. घट्ट झाकणाचं, उंदराला दात लावता येणार नाही असं. कमलाकांतने ते डोक्यावरून आणलं तेव्हा ते बघायला अर्धा वाडा लोटला. जमनाने ते राखेने घासलं, उन्हात तापवलं, पडवीत मांडलं, आणि थंडीतल्या फेरीत मंगळीकडून आणलेलं भात त्यात भरलं. भरताना तिने असं काही केलं जे डोंगरातल्या कुठल्याही बाईने केलं नसतं, आणि नवापुरातल्या कुठल्याही बाईला ते चुकीचंही वाटलं नसतं. तिने तळाला मिठागरावरचं जाडं मीठ पसरलं, त्यावर भाताचा थर, त्यावर पुन्हा मीठ, पुन्हा भात. बोंबील बांधताना रचायचे तसेच थर. शेवटी वर दोन मुठी मीठ भुरभुरवून तिने झाकण ठोकलं आणि पुंडलिकला म्हणाली, "आता येऊ दे सोंडे. बघते मी."

सोंडे आले नाहीत. एकही नाही. जमना अधूनमधून झाकण काढून बघायची, मूठभर मीठ आणखी टाकायची आणि समाधानाने झाकण लावायची.

चैत्राच्या शेवटी मडक्यातलं, आदल्या वर्षीचं निवडून राखलेलं भात संपलं आणि पुष्पलताने पिंपातलं वरचं काढून कांडायला घेतलं. तिला दिवस गेले होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आय, तांदळाला वास येतोय."

"तुला हल्ली सगल्याचाच वास येतो," जमना म्हणाली. "गेल्या हप्त्यात पाण्याला येत होता."

पुष्पलता कांडायला वळली. पेज प्यायली, ओकली, पुन्हा कामाला लागली. गरोदर बाई ओकते त्यात कुणाला नवल वाटणार? पण दोन दिवसांनी पुंडलिकने पेजेचा घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकला. मग त्याने वाडगा खाली ठेवला. त्याच संध्याकाळी कोंडा खाल्लेल्या कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसल्या, आणि सकाळी त्यातली एक मेलेली होती.

जमना उठली आणि पिंपाकडे गेली. वरचं भात दोन्ही हातांनी बाजूला सारून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच बाहेर ओढला. आत गरम लागत होतं. तिने पुन्हा हात घातला, या वेळी धीर करून, आणि मुठीत आली ती भाताची ढेप. दाणे एकमेकांना चिकटलेले, वर हिरवट काळा बुरा, मधून पांढरे धागे, आणि ओल्या गोणपाटाचा असतो तसा कोंदट वास. तळाशी तर सगळंच काळं. पडवीत उभी राहून जमना त्या ढेपेकडे बघत राहिली. पावसाळा जवळ येत होता, सून पोटुशी होती, आणि घरात खायचं भात उरलं नव्हतं.

"धुवून सुकवू," पुंडलिक म्हणाला. "उन्हात टाकला का वास जाईल. जेवढा निघल तेवढा."

"सडका मासा आपून धुवून विकतो का?"

"मासा वेगला."

"पोट तेच हाय," जमना म्हणाली. "कोंबडी मेली. पुष्पीच्या पोटात कोन हाय म्हाईत हाय ना? ह्या पिंपातला एक दाना ह्या घरात शिजनार नाय."

इथपर्यंत जमनाचं काही चुकलं नव्हतं, आणि ती इथेच थांबती तर बरं झालं असतं. पण नासाडी झाली की माणसाला कुणीतरी नासवणारा लागतो, आणि तो आपल्या घरातला असलेला कुणालाच नको असतो. जमनाला तो सापडायला वेळ लागला नाही. दिवाळीनंतर भात कापलेलं असताना एक सर येऊन गेली होती. भात भिजलं असणार. मंगळीने ते नीट वाळवलं नसणार. ओलं भात वजनाला भारी, पाटी लवकर भरते. म्हणजे मंगळीने फसवलं. एकदा हे मनात आलं आणि मग एकेक जुनी गोष्ट त्याला येऊन चिकटू लागली. मंगळी भात देताना डोळ्याला डोळा देत नव्हती. मंगळीने पाटी घाईघाईने भरली होती. खरं म्हणजे मंगळी कधीच डोळ्याला डोळा देत नसे आणि सगळं काम घाईनेच करी, पण रागाला असली आठवण सोयीची नसते.

सकाळी मासळी वाळत घालायच्या खळ्यावर जमनाने सगळ्यांदेखत ढेप दाखवली. "ही करंजपाड्याची करामत. वला भात गळ्यात मारला माझ्या. माझ्यासारखीला फशिवतात, मग तुमचा काय?"

जमनाचा शब्द. बायांनी ढेप हुंगली, नाकं मुरडली आणि ठरवलं. वैशाखातल्या फेरीत करंजपाड्यावर कुणी गेलं नाही. ज्यांच्या मैत्रिणी त्या पाड्यावर होत्या त्यांनी मासळी बोईसरच्या बाजारात दिली, जो भाव मिळाला त्याला. बाजारात भेटलेल्या डोंगरातल्या बायांना त्यांनी कारणही सांगून टाकलं. मंगळीचं नाव तिकडे असं पोचलं.

जमनाला वाटलं होतं, राग निवला की पोटाचं काहीतरी बघू. राग निवेना आणि पोटाचं काही होईना. दुसऱ्या कुणाच्या मैत्रिणीकडे जायचं नाही हा नियम आता तिच्याच आड आला. शेजारणीने पसाभर भात दिलं, दुसऱ्या वेळी देताना तिचा हात आखडला, आणि जमनाने तिसऱ्या वेळी मागितलं नाही. लाल ज्वारीची भाकरी पुष्पलताला घशाखाली उतरत नव्हती. ती तक्रार करत नव्हती. तिच्या गालाची हाडं दिसू लागली होती, आणि जमनाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी जमनाने पदर खोचला. "जाते मी. नासका भात तिच्या दारात वतते आनि बदलून घेते. बदलून दिल्याशिवाय उठनार नाय."

"भांडू नको," पुंडलिक म्हणाला.

"भांडायलाच चालले," जमना म्हणाली आणि पिंपातलं काळं भात पाटीत भरून निघाली.

वाट लांबची. सरावलीच्या शेतांच्या बांधावरून ती चालली, फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत उभी राहिली, पुढे उन्हाने तापलेल्या माळावरून चढाला लागली. वाटभर तिने मंगळीला काय काय बोलायचं ते जुळवलं, आणि पाड्यावर पोचेपर्यंत ते इतकं फर्मास जुळलं होतं की आता मंगळी घरी नसली तर काय, अशी तिला काळजी वाटू लागली.

मंगळी घरीच होती. अंगण सारवत होती. जमनाला बघून ती उठली, पण नेहमीसारखी पाटी उतरवून घ्यायला पुढे आली नाही. आतून तिची सासू बायडी काठी टेकत उंबऱ्यात आली. आजूबाजूच्या दोन झोपड्यांतून बाया डोकावल्या आणि डोकावून तिथेच थांबल्या.

जमनाने पाटी डोक्यावरून काढली आणि ओतायला तिरपी केली.

"थांब," बायडी म्हणाली. "कनसरीला भुईवर फेकायची नाय. नासकी असली तरी ती कनसरीच. ठेव खाली."

कणसरी म्हणजे त्यांची धान्यदेवता. म्हातारीच्या आवाजात असं काही होतं की जमनाने पाटी सरळ केली आणि खाली ठेवली. बोलणं मात्र तिने सोडलं नाही. वाटभर जुळवलेलं सगळं तिने एका दमात ऐकवलं. दिवाळीची सर, ओलं भात, भारी पाटी, पोटुशी सून, मेलेली कोंबडी. जमनाचा दम संपला तेव्हा मंगळी खाली वाकली, ढेप उचलली, फोडली, आणि आत वळली.

तिच्या घरात कुडाच्या भिंतीला लागून बांबूची मोठी कणगी होती, शेणामातीने लिंपलेली, तोंडही लिंपून बंद केलेलं. हे तोंड पेरणीआधी चांगला दिवस बघून, कणसरीला हात जोडूनच उघडायचं. मंगळीने कोयता घेतला आणि ते फोडलं.

"मंगले," सासू म्हणाली.

"असू दे," मंगळी म्हणाली. "कोंबडा देईन कनसरीला. पन हिला बघू दे." तिने ओंजळभर भात काढलं आणि जमनाच्या पुढे धरलं. "एकाच खळ्यातला हाय. तुझी पाटी भरली, राहिला तो हिच्यात भरला. सर आली तवा भात खळ्यावर नव्हता, उंच माच्यावर रचला होता, वर पेंढा होता. नंतर उन्ह दिला. खा. चावून बघ."

जमनाने दाणा तोंडात टाकला. दाताखाली तो कडकन् फुटला. तिने दुसरा टाकला, तिसरा टाकला. ओंजळ नाकाशी नेली. वाळक्या पेंढ्याचा आणि कसल्याशा पाल्याचा वास आला. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "ह्याला सोंडे कसं लागत नाय?"

"निरगुडीचा पाला टाकतो आमी," बायडी उंबऱ्यातून म्हणाली. "तू काय टाकलास?"

"मी मीठ टाकला," जमना म्हणाली. ती हे ताठ मानेनेच म्हणाली, कारण आयुष्यभर ती मिठाबद्दल ताठ मानेनेच बोलत आली होती. "खाली मीठ, वर मीठ, मधी मीठ. मीठ सगला पानी वढून..."

आणि ती थांबली.

मीठ पाणी ओढून घेतं, पण ओढून ते पाणी ठेवतं कुठे? माशाचं पाणी ठिबकून वाळूत जातं, वरून ऊन असतं, वारा असतो. पिंपातून ते कुठे जाणार होतं? आणि मीठ काही नुसतं माशातूनच ओढत नाही. समुद्राच्या दमट हवेतून ओढतं, पावसाळ्यात मडक्यातलं मीठ पाझरून मडकं ओलं होतं, म्हणून तर ती स्वतः ते मडकं चुलीवर शिंक्यात टांगते. इतकी वर्षं टांगत आली होती. अधूनमधून झाकण काढून हवा आत घेतली होती ती तिनेच, वर ताजं ओलसर मीठ टाकलं होतं ते तिनेच, आणि दिवसा तापून पहाटे घाम धरणारं लोखंड पडवीत उभं केलं होतं तेही तिनेच. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवापुरात हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

जमनाला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने पाटीतला एक काळा दाणा उचलून जिभेला लावला. खारट होता. तिने तो थुंकला.

"मंगले," ती म्हणाली, "मी..."

"मला नको सांगू," मंगळी म्हणाली. "मला म्हाईत होता माझा भात कसा हाय तो. ह्या लोकांना सांग. ह्या वैशाखात पाड्यावर एक बोंबील आला नाय. माझ्यामुळं आला नाय असा सगली बोलतात. विहिरीवर मी गेले तर बाया घागर उचलून जातात. तू खाली जाऊन सगल्यांत बोललीस ना? मग सगल्यांतच जाऊन बोल. तिकडं बोल, मग इकडं येऊन बोल. तवर माझ्या अंगनात येऊ नको."

जमनाने भात बदलून मागितलं नाही. तिने पाटी उचलली आणि निघाली. मंगळीने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

उतरणीच्या वाटेने ती आली तेव्हा बोलायला काही जुळवत नव्हती. एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते काही केल्या तोंडात बसत नव्हतं. जमना चुकली, एवढंच. तेही मिठात चुकली. दुसऱ्या कशात चुकली असती तर चाललं असतं. स्वयंपाकात, नवऱ्यात, जाळं विणण्यात. पण मिठात चुकलेल्या जमनाला नवापुरात कोण विचारणार? नाही सांगितलं तर काय होईल, याचाही तिने विचार केला. काही होणार नव्हतं. मंगळी खाली येऊन बोलणारी नव्हती, वारलीण खरं बोलते की मांगेलीण, असं कुणी विचारलं तर उत्तरही ठरलेलं होतं. फाटकाशी गाडी गेली, फाटक उघडलं, मागची माणसं पुढे गेली, तरी ती क्षणभर तिथेच उभी होती. मग तिने ठरवलं. आणि जमनाने ठरवलं म्हणजे ते झालंच.

घरी पुंडलिकने तिच्या माघारी पिंपातलं वरचं थोडं भात धुवून चटईवर पसरलं होतं. जमनाने ती चटई गुंडाळली. कुदळ घेतली, भरतीच्या रेषेपासून वर झावळ्यांच्या आडोशाला खोल खड्डा खणला आणि पिंप आडवं करून सगळं भात त्यात घातलं. कोंबड्यांना उकरता येऊ नये म्हणून वर दगड रचले. पुंडलिक बघत होता.

"बदलून दिला का तिने?"

"भात चांगला होता," जमना म्हणाली. "मिठानं नासला. माझ्या मिठानं." एकदा तोंडातून निघालं तर तिला वाटलं होतं तितकं जड नव्हतं. पुंडलिकने तिच्या हातातली कुदळ घेतली आणि उरलेले दगड त्याने रचले.

नवऱ्याला सांगणं वेगळं आणि खळ्यावर सांगणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया मासळी उलटायला जमल्या होत्या. जमना मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "करंजपाड्याचा भात वला नव्हता. मी पिंपात मीठ घातला, मिठाला पानी सुटला, भात सडला. मंगळीची काय चूक नाय. मी उगा तिचा नाव घेतला."

मग भागी म्हणून एक म्हातारी होती, ती फस्सकन् हसली. "मिठाची मास्तरीन मिठातच बुडली." आणि मग सगळ्याच हसल्या, कुणी तोंडाला पदर लावून, कुणी उघडपणे. कित्येक वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, लवकर आटपण्यासारखं नव्हतंच. जमनाचे कान तापले. एरवी भागीला तिने दोन वाक्यांत गार केली असती. वाक्यं तयारही होती. तिने ती गिळली.

"हसून घ्या," ती म्हणाली. "पोटभर हसा. पन उद्या पाट्या उचला. वरची मानसं पावसात काय खानार? आनि त्यांनी आपल्यासाठी राखलेला भात तसाच पडला हाय."

"तू पुढं चल," भागी डोळे पुसत म्हणाली. "तू काय बोलतेस ते मला तिकडं पन ऐकायचा हाय."

निघताना जमनाने आपल्या घरातली सगळी मासळी पाटीत भरली. घरासाठी राखलेले बोंबीलसुद्धा. पुष्पलता म्हणाली, "आय, पावसात आपल्याला?" जमना म्हणाली, "पावसात भात असला का मासळी नसली तरी चालते. भाताचा बघायला चालले." आपल्याला भात मिळेल की नाही याची तिला मुळीच खात्री नव्हती. पश्चिमेला ढग जमू लागले होते आणि ही शेवटची फेरी होती.

करंजपाड्यावर त्या पोचल्या तेव्हा पाडा जागच्या जागी राहिला. पोरं धावत आली नाहीत. बाया दारांत आल्या आणि हातांची घडी घालून उभ्या राहिल्या. मासळी दिसत होती, तिचा वास पाड्यावर पसरला होता, सगळ्यांना ती हवी होती, तरी एकही टोपली बाहेर आली नाही. नवापूरच्या बाया पाट्या डोक्यावर तशाच ठेवून जमनाकडे बघू लागल्या.

मंगळी अंगणात होती. बायडी काठी टेकत पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आमच्या मंगळीचा भात कसा होता?"

जमनाने पाटी उतरवली. डोक्यावर ओझं घेऊन हे बोलणं तिला बरं वाटलं नाही. तिने दारोदारी उभ्या असलेल्या बायांकडे बघितलं, मग म्हातारीकडे, आणि शेवटी मंगळीकडे.

"चांगला होता," ती म्हणाली. "कडक होता. नासवला मी. आनि खोटा पन मीच बोलले. आमच्या गावात तसा सांगून आले, ह्यांना विचारा."

"सांगितला," भागी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

मग बायडीने मान वळवली आणि मागच्या झोपडीकडे बघून म्हणाली, "सुपा आना गं बाहेर." एक सूप आलं, मग दुसरं, मग टोपल्या. राखून ठेवलेलं भात अंगणाअंगणात येऊ लागलं. नवापूरच्या बाया आपापल्या मैत्रिणींच्या दाराकडे वळल्या आणि पाड्यावर बोलण्याचा गलका सुरू झाला.

मंगळी मात्र सूप न घेताच आली. जमनाच्या पाटीपुढे बसून तिने एक बोंबील उचलला, वाकवला, हुंगला, अनोळखी गिऱ्हाइकासारखा उलटासुलटा करून पाहिला. इतक्या वर्षांत तिने जमनाची मासळी कधी पारखली नव्हती. जमना उभी राहून ते बघत होती.

"मीठ बरोबर हाय का ह्याला?" मंगळीने विचारलं.

"हाय," जमना म्हणाली. "मासळीचा मला येतो." ती मंगळीच्या समोर भुईवर बसली. "भाताचा येत नाय. कनगी कशी लिंपतात ते दाव मला. आज दावलास तर आजच शिकून जाईन."

मंगळीने तिच्याकडे बघितलं, नीट, डोळ्याला डोळा देऊन. मग ती उठून आत गेली आणि शेणाची पाटी घेऊन बाहेर आली.